भित शे, पन घर कोठे शे?

शेजारच्या अक्कांनी काल कुंपणापलीकडून अत्यंत गंभीर स्वरात मला विचारले, की तुमच्या पेटीवर वाळत घातलेल्या आमच्या ज्वारीच्या बिबड्यांना कचकच कशी लागली. पेटी माझी, अंगण माझे, तिथे वाळवण घालायची परवानगी मी कोणाला दिलेली नाही. तरीही जाब मलाच द्यायचा होता. ती पेटी पार्कूरच्या, म्हणजे भिंती-कठडे असे अडथळे धावत, उड्या मारत ओलांडायच्या खेळाच्या, उड्यांसाठी केलेला अडथळा आहे आणि बूट घसरू नये म्हणून वरच्या फळीच्या रंगात वाळू मिसळली आहे, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "मग घासून गुळगुळीत करून टाका ना भाऊ, पुढच्या आठवड्यात कुरडया आहेत."

लटकायच्या दांड्यांसाठी दुकानात दीड इंची म्हणून मिळणारा, बाहेरून ४८.३ मिलिमीटर भरणारा आणि मुठीत नेमका बसणारा पाईप मी शोधून आणला होता. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि खांब तिरपे करते, म्हणून खोल खड्डे घेऊन मुरूम आणि काँक्रीट भरले होते. हे सगळे कुरडयांसाठी नव्हते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा लोखंडाला हात लावायची वेळ पहाटेचीच असते आणि दुर्दैवाने अक्कांच्या यजमानांची, म्हणजे एसटीतून निवृत्त झालेल्या अप्पांची, फिरायची वेळही तीच आहे. मी उभारलेल्या आठ फुटी भिंतीसमोर ते प्रथम थांबले तो दिवस मी विसरणार नाही.

"हाई काय शे?"

"भिंत, अप्पा."

ते मागे जाऊन पाहून आले. "भित शे, पन घर कोठे शे?"

घर नाही, फक्त भिंतच आहे; धावत येऊन तिच्यावर पाय रोवायचा, वरची कड पकडायची, अंग वर खेचायचे आणि पलीकडे उतरायचे, असे मी समजावले. अप्पांनी चपला फटफटवत भिंतीच्या डाव्या बाजूने पलीकडे जाऊन दाखवले, उजव्या बाजूने परत आले आणि अतिशय मायेने म्हणाले, "इतलाच रस्ता शे."

मग मी चिडून पार्कूरचा इतिहास सांगितला: नौदल अधिकारी जॉर्ज एबेर यांची व्यायामपद्धती, फ्रेंच सैन्याचे अडथळ्यांचे मैदान, पॅरिसच्या अग्निशमन दलातले रेमों बेल, त्यांचा मुलगा दाविद आणि लिस गावातले त्याचे सोबती, आणि २०१७ साली ब्रिटनने पार्कूरला दिलेली खेळाची अधिकृत मान्यता. अप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"फ्रान्समा जिना नही का?"

मी गप्प राहिलो. तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिले, कुंपणाशी आले आणि आवाज खाली आणून विचारले, "खरं सांग, तुना मांगे पोलीस लागेल शेतस का?"

ज्या गावात माणसे एसटीच्या खिडकीतून आत शिरून जागा धरतात आणि लग्नाच्या कपड्यांत दुभाजक ओलांडतात, त्या गावात ठरवून, शिकून उडी मारणारा तेवढा संशयित ठरतो. तेल लावलेला मल्लखांब पुरला असता तर यांनीच नारळ फोडला असता. वसाहतीतल्या खुल्या व्यायामशाळेची यंत्रे गंजून जाम झाली आहेत, त्यांतल्या एकाचे पायडल नाहीसे झाले आहे, आणि त्याबद्दल कुंपणापलीकडून कोणी कोणाला जाब विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जागेत, कोणाच्याही वाटेत न येता चार खांब रोवले, की मात्र प्रत्येकाकडे सूचना तयार असतात.

आज सकाळी अप्पांनी लटकण्यासाठी बसवलेला उंच आडवा दांडा दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि पहिल्यांदाच समाधानाने मान हलवली. त्यांच्या दारचा निंब रस्ता रुंद करताना गेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी आणि नाती माहेरी येतात आणि झोका बांधायला जागा नसते. पुढच्या आखाजीसाठी दांडा त्यांनी नक्की करून टाकला आहे. दोर त्यांनी आणायचा की मी, एवढेच ठरायचे राहिले आहे.