'गुलामगिरीचा इतिहास आपल्या पोरांना कशाला?' या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीचा, शाळेतल्या पालकांचा, बीएडच्या बॅचचा आणि माहेरचा. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की हल्ली शाळेत नेटवरून गुलामगिरीचा इतिहास शिकवतात, पण तो अमेरिका-आफ्रिकेचा विषय आहे, आपल्याकडे गुलामगिरी कधी नव्हतीच. इंग्रजांनी १८३३ मधे ती बंद केली, विषय संपला. नेटवरचे आकडे कोणीही टाकतं, त्याला पुरावा नसतो. आफ्रिकन लोकांनीच आपली माणसं विकली. इतकं सगळं दाखवलं तर मुलांच्या कोवळ्या मनावर परिणाम होतो, दाखवायचंच असेल तर पाच मिनिटांचा व्हिडिओ पुरे.

मी कळव्यात नववी-दहावीला इतिहास शिकवते आणि गेली काही वर्षं हा विषय नेटवरची साधनं घेऊनच शिकवतेय, वर्गात एक प्रोजेक्टर आणि माझा स्वतःचा लॅपटॉप एवढ्यावर. मला यातलं जवळजवळ काहीच पटलेलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

'आपल्याकडे कधी नव्हतीच' हे वाक्य सगळ्यात जास्त लोकांनी अंगठा देऊन उचलून धरलंय म्हणून आधी तेच. अहो, मलिक अंबर कोण होता? इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हातोहात विकला जात बगदादहून दख्खनला आलेला गुलाम. पुढे तो निजामशाहीचा कारभारी झाला, त्याने खडकी शहर (आजचं संभाजीनगर) वसवलं, १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो, पण तो इथवर आला कसा हे एका ओळीत उरकतो. पेशवाईतल्या कुणबिणी आणि बटकी, म्हणजे दासी, त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी पेशवे दफ्तरात आहेत, 'बटीक' हा शब्द आपल्या आज्या शिवी म्हणून वापरायच्या तो कुठून आला? आणि गुलामगिरी नव्हतीच तर १८४३ मधे कंपनी सरकारला खास भारतासाठी गुलामगिरीविरुद्ध कायदा का करावा लागला?

आता नाशिकचं सांगते. ठाण्यातल्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी नाशिकला असतं, मुलांना शरणपूर रोड माहीत असतो, तिथे मामाकडे गेलेली असतात, कपडे घेतलेले असतात. मी विचारते, शरणपूर म्हणजे काय रे? कोणाला सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमार पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम वाहणारी गलबतं पकडायचं, त्यातली सुटलेली माणसं मुंबईत उतरवायचे, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांना नाशिकच्या मिशनऱ्यांच्या शरणपूर वस्तीत ठेवायचे. तिथे सुतारकाम, लोहारकाम, लिहायला-वाचायला शिकवायचे. या मुलांना पुढे आफ्रिकेतसुद्धा 'नाशिकची मुलं' म्हणूनच ओळखायचे. त्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मधे आफ्रिकेत वारला तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचं शव महिनोनमहिने चालत किनाऱ्यापर्यंत आणलं, जेकब त्यांच्यात होता. मग एप्रिल १८७४ मधे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधे शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही होता. त्याने लिहिलेली डायरी आज नेटवर वाचता येते. नाशिकला शिकलेल्या, गुलामीतून सुटलेल्या मुलाच्या हातची डायरी! ही मला कुठल्याच क्रमिक पुस्तकात मिळाली नव्हती, नेटवरच मिळाली.

वर्गात आम्ही फळ्यावर फक्त १८७३ हा आकडा लिहितो आणि त्याच्याभोवती काय काय येतं ते मुलं शोधतात. त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा गुलामांचा बाजार बंद झाला, त्या तहासाठी गेलेला बार्टल फ्रियर हा आपल्या मुंबईचाच माजी गव्हर्नर. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेत गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसलेल्या माणसाला अमेरिकेचा हा विषय आपला वाटला होता, आणि आज आपण हातात अख्खं जग घेऊन म्हणतोय की आपला काय संबंध.

१८३३ चं म्हणाल तर तो कायदा आपल्याला लागूच नव्हता, कंपनीच्या ताब्यातला प्रदेश त्यातून सरळ वगळला होता. आणि जिथे लागू झाला तिथे सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली ती मालकांना, गुलामांना छदामही नाही. उलट सुटलेल्यांतल्या बहुतेकांना 'शिकाऊ' म्हणून १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे राबावं लागलं. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारने पूर्ण फेडलं कधी, तर २०१५ मधे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ती भरपाई घेणाऱ्यांची यादी नेटवर टाकलीय, नाव घाला, किती गुलामांसाठी किती पौंड मिळाले ते दिसतं. आणि मालकांना ऊस तोडायला नवे हात हवे होते म्हणून १८३४ पासून आपल्याकडून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, मॉरिशसला जायला लागले, साडेचार लाखांहून जास्त माणसं गेली, त्यात आपली कोकणातली मराठी माणसंही होती, आजही तिथे मराठी आडनावं आहेत. गिरमिट म्हणजे गुलामगिरी नव्हे, करार होता, मुदत होती, आणि हा फरकही मुलांना नीट समजावून सांगावा लागतो. पण एकातून दुसरं निघालं ते कळल्याशिवाय 'विषय संपला' कसं म्हणायचं?

आकड्यांना पुरावा नाही म्हणणाऱ्यांनी एकदा 'स्लेव्ह व्हॉयेजेस' नावाची साइट उघडावी, फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. अटलांटिक ओलांडलेल्या छत्तीस हजारांहून जास्त जहाजफेऱ्यांच्या नोंदी आहेत, जहाजाचं नाव, कप्तान, निघाल्याचं बंदर, किती माणसं चढवली, किती जिवंत उतरवली, आणि खाली ती माहिती कुठल्या कागदावरून घेतली ते. बंदरातली दफ्तरं, व्यापाऱ्यांचे हिशेब, जुनी वर्तमानपत्रं. शिवाय तिथे नोंद सापडलेला आकडा आणि अंदाजाचा आकडा वेगळा ठेवलाय, कारण सगळे कागद टिकलेले नाहीत. अंदाज असा की सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजावर चढवली आणि १ कोटी ७ लाख उतरली. मधल्या अठरा लाखांचं काय झालं हे मी सांगत नाही, मुलं वजाबाकी करतात आणि वर्ग आपोआप गप्प होतो. आणखी एक, मुलांना दरवेळी वाटतं सगळे अमेरिकेतच नेले, आपल्या त्या मेसेजवाल्यांनाही तेच वाटतंय. प्रत्यक्षात आज ज्याला आपण अमेरिका म्हणतो तिथे आफ्रिकेतून थेट उतरले चार लाखांपेक्षा कमी, एकट्या ब्राझीलमधे अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास.

त्याच साइटवर पकडलेल्या जहाजांवरून सोडवलेल्या नव्वद हजारांहून जास्त माणसांची यादी आहे. नाव, वय, उंची. नाव कानाला आलं तसं कारकुनाने लिहिलेलं. आमच्या वर्गातली एक मुलगी तिच्याच वयाची मुलगी शोधत बसली होती, तिला सापडली, उंची इंचात दिलेली होती, तिने गुणाकार करून सेंटीमीटर काढले आणि दाराच्या चौकटीवर पट्टी लावून पेन्सिलने खूण केली. तिच्या स्वतःच्या खांद्यापर्यंत आली ती खूण. त्यानंतर तासभर पोरं एकेक करून त्या खुणेजवळ उभी राहून आली, मी कोणाला सांगितलं नव्हतं.

नेटवर कचरा नाही असं मी अजिबात म्हणत नाही. भरपूर आहे. आयरिश लोकांनाही आफ्रिकनांसारखंच गुलाम केलं होतं म्हणून फिरणारे फोटो आहेत, ते मुदतीच्या करारावरच्या चाकरीला गुलामगिरी म्हणून खपवतात, आता एआयने बनवलेले जुनाट दिसणारे फोटो आलेत. भाषांतराचं बटण दाबलं की 'फील्ड हँड' (शेतात राबणारा माणूस) चं 'शेतातला हात' होतं, मग मलाच रात्री बसून मराठी करावं लागतं. पण म्हणूनच शिक्षक शेजारी हवा ना, नळाला गढूळ पाणी येतं म्हणून कोणी पाणी बंद करतं का, गाळून घेतो.

'आफ्रिकन लोकांनीच विकलं' यावर फार बोलायला नको. हो, तिथल्या राजांनी आणि व्यापाऱ्यांनी विकलं, अरबांनी विकत घेतलं, झांझिबारच्या जकातीचा मक्ता आपल्याच कच्छी पेढीकडे होता. हे सगळं शिकवायचं. यातलं काहीही लपवायला सांगत नाहीये कोणी, विकणाऱ्याचं नाव कळल्याने विकल्या गेलेल्या पोराचं दुःख कमी होत नाही एवढंच.

कोवळ्या मनाचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही, तो खरा आहे. चाबकाच्या वळांनी भरलेल्या पाठीचा १८६३ चा फोटो आहे, नेटवर शोधलं की पहिल्या पानावर येतो, मी त्याने कधीच सुरुवात करत नाही. अर्ध्या वर्गाला गुलाम आणि अर्ध्याला मालक करून नाटक करायचं असं काही ठिकाणी करतात, ते तर कधीच करू नये, पोरं त्यात एकमेकांना चिडवायला शिकतात, दुसरं काही नाही. आधी सांगते काय दाखवणार आहे, ज्याला बाहेर जायचं त्याने जावं, विचारणार नाही. पण पालकांनो, याच मुलांच्या फोनवर रोज काय काय येतं ते आपण बघतो का? तिथे शेजारी कोणीच नसतं.

राहिला पाच मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओत एकच आवाज असतो, अडचण तिथेच आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर १९३६ ते १९३८ मधे घेतलेल्या दोन हजार तीनशेहून जास्त मुलाखती आहेत, जे लहानपणी गुलाम होते आणि तेव्हा ऐंशी-नव्वदीला टेकले होते त्यांच्या. त्यात चार्ल्सटनच्या सुझन हॅमलिन या म्हातारीची मुलाखत दोनदा आहे. एकदा गोऱ्या बाईने घेतलेली. म्हातारीला वाटलं ही सरकारी मदत देणाऱ्या ऑफिसातून आलीय, तिला तिने सांगितलं मालक चांगला होता. दुसरी काळ्या माणसाने घेतली, त्याला तिने चाबकाचं सांगितलं, कालच लग्न झालेल्या जोडप्यातला एक आज विकला जायचा ते सांगितलं, रडणाऱ्या आयांचं सांगितलं. मी दोन्ही मुलाखती मराठीत करून वर्गात वाचते आणि विचारते, खोटं कुठलं? अर्धा वर्ग म्हणतो पहिलं. मग कोणीतरी म्हणतं, बाई, खोटं नाही, घाबरली होती. दोन तास जातात यात, आणि ते जायलाच हवेत.

आमच्या वर्गात येऊरच्या पाड्यावरची एक वारली मुलगी आहे. या मुलाखती वाचून झाल्यावर तिने 'लग्नगडी' हा शब्द सांगितला, तिची पणजी वापरते. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि मग नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबत राहायचं, कर्ज फिटतच नाही. तलासरी-डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, १९४५ मधे टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे वारली आले, आणि त्यानंतर किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर त्यांनी हीच वेठ आणि लग्नगडी मोडून काढली. हेही मुलांनी नेटवरच शोधून काढलं.

मी एका रविवारी पणजीला भेटायला गेले. ओटीवर बसलो, त्यांनी बिनदुधाचा चहा दिला. त्यांचा बाप लग्नगडी होता. मला म्हणाल्या, शेठ चांगला होता, सणाला कापड द्यायचा, त्रास असा काही नव्हता. मी वहीत तसंच लिहून घेतलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. म्हणाली, बाई, काल तुम्ही गेल्यावर रात्री पणजीने मला वेगळं सांगितलं, तुम्ही दुसऱ्या पानावर लिहा, पहिलं खोडू नका.