बाळशास्त्री म्हणे तुरुंगात गेले!

पत्रकार दिन जवळ आला की बाळशास्त्री जांभेकरांवरचा एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात शिरला, म्हणून हे लिहिणं आलं. मजकूर म्हणतो: 'दर्पण' हे भारतातलं पहिलं वर्तमानपत्र, ते संपूर्ण मराठी होतं, इंग्रजांनी ते बंद पाडून बाळशास्त्रींना कोठडीत डांबलं आणि तिथेच त्यांचा अंत झाला.

पहिल्या दोन गोष्टींवर वेळ घालवत नाही. जेम्स हिकीचं इंग्रजी वर्तमानपत्र कोलकात्यात 1780 सालीच निघालं होतं. गुजराती 'मुंबई समाचार' 1822 चं. 'दर्पण' आलं 6 जानेवारी 1832 ला, आणि तेही एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. मराठी पत्रकारितेचे जनक हा मान त्यांचा आहेच, तेवढा पुरे नाही का?

आता कोठडी. 'दर्पण' 1840 मध्ये बंद झालं, हे खरं. पण त्याच वर्षी याच माणसाने 'दिग्दर्शन' मासिक काढलं. मुंबईच्या एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेत शिकवणं, कुलाबा वेधशाळेचं काम, शाळांची तपासणी, सगळं सरकारी. 1845 मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर, म्हणजे दगडी छाप्यावर, छापली. हे सगळं गजाआडून केलं काय? ग. गं. जांभेकरांनी 1950 मध्ये त्यांचं चरित्र आणि लेखन तीन खंडांत छापलं आहे, ते तरी उघडा. मे 1846 मध्ये ते आजाराने गेले, ऐन तिशीत.

या खोट्या हौतात्म्यात त्यांची खरी लढाई बुडते, याचा जास्त राग येतो. 1843 मध्ये श्रीपत शेषाद्रि हा मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं, पण तिथे जेवलेला पोर पंक्तीला कसा घ्यायचा म्हणून सनातनी अडून बसले. बाळशास्त्री प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि स्वकीयांचा बहिष्कार ओढवून घेतला. छळ झाला तो असा, आपल्याच माणसांकडून. फॉरवर्ड करणाऱ्यांना तो सोयीचा नसावा.

आणि इतिहास संशोधनाचा तर त्या मजकुरात एक शब्द नाही. शिलालेख-ताम्रपट वाचून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात निबंध लिहिणारा हा माणूस होता.