रानात जाताना आंघोळीचा टब विसरू नका

शहराचा वीट आला असेल तर डोंगरात खुशाल जा. फक्त जाताना शहर बरोबर न्या. कसं न्यायचं, हे हॉलिवूडचा विनोदवीर बस्टर कीटनच्या १९२६ सालच्या ‘बॅटलिंग बटलर’ या मूकपटात यथासांग दाखवलंय. अल्फ्रेड बटलर (म्हणजे कीटनच) हा श्रीमंत बापाचा लाडोबा. रानात स्वतःचं स्वतः करावं लागलं तर पोरगा माणसात येईल, ही बापाची भाबडी आशा. पोरगा लगेच हुजऱ्याकडे वळून फर्मावतो, "बंदोबस्त कर."

बंदोबस्त होतो! तंबूत पलंग येतो, टब येतो. सिगारेटची राख झाडायलाही हुजऱ्याच. (हुजऱ्या झालेल्या स्निट्झ एडवर्ड्सचं ते सुरकुतलेलं, सोशिक तोंड पाहाच. सिनेमातला खरा कष्टकरी तोच.)

शिकारीला निघालात की बंदूक रुबाबात धरा आणि आजूबाजूला मुळीच पाहू नका. अल्फ्रेडच्या अवतीभवती रानातली जनावरं निवांत हिंडत असतात. साहेबांना मात्र एकही दिसत नाही. बदकाच्या मागे लागलात तर होडी बुडेल. बुडू द्या, बदकालाही करमणूक हवी.

वाटेत गाढव आडवं आलं तर? कीटनच्याच १९२३ च्या ‘अवर हॉस्पिटॅलिटी’त आगगाडीच्या रुळालगत असंच एक अडेलतट्टू उभं असतं. ओढून हलत नाही, तेव्हा मंडळी रूळच बाजूला सरकवतात.

दूध काढायची वेळ आली तर त्याचाच १९२५ चा ‘गो वेस्ट’ आठवा. त्यातला कीटन गायीखाली बादली ठेवतो आणि ती भरायची वाट पाहतो. आचळांना हात लावायचा असतो, हे गायीनेच सांगायला नको का? तसा हा काही साहेब नव्हे, खिसा रिकामा असलेला गरीब बिचारा आहे; पण अज्ञानाला कुठे श्रीमंती लागते!

आणि डोंगरातली मुलगी आवडली, तर स्वतः विचारायला जाऊ नका; अल्फ्रेडही गेला नाही. मागणीचाही बंदोबस्त हुजऱ्याच करील. त्याने केला. असा मेणाचा पुतळा जावई म्हणून नको, असं मुलीचे धिप्पाड बाप-भाऊ म्हणताच त्याने नामसाधर्म्याचा फायदा घेऊन ठोकून दिलं, की आमचे साहेब म्हणजे तोच नामांकित बॉक्सर बटलर! लग्न जमलं. पुढे सरावाच्या आखाड्यात ठोसे खायला मात्र साहेबांनाच उभं राहावं लागलं.

तेव्हा निघण्यापूर्वी टब, पलंग, बंदूक मोजून घ्या आणि आपला हुजऱ्या कितपत खोटं बोलतो, तेही विचारून ठेवा.