वासुकी सापडला हे खरं, पण त्याला विष कुणी दिलं?

‘कच्छच्या खाणीत समुद्रमंथनातला वासुकी नाग सापडला. ५० फूट लांब, आजवरचा सर्वांत मोठा विषारी साप. शास्त्रज्ञांनी १९ वर्षं दडवून ठेवलं, आता पुराणं खरी ठरली!’ अशा अर्थाचा मजकूर एप्रिल २०२४ पासून व्हॉट्सॲपवर फिरतोय. सोबत पाच फण्यांचं चित्र असतंच. यातली खाण खरी आहे आणि सापही खरा आहे. उरलेलं मात्र तपासून घ्यायला हवं.

आधी विषाचं. कच्छमधल्या पनांध्रोच्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीतून मिळालेत ते २७ मणके. आयआयटी रुरकीच्या देबाजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी त्यांच्यावरून ‘वासुकी इंडिकस’ या नव्या सापाचं वर्णन ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या विज्ञान नियतकालिकात छापलं. कवटी, जबडा, दात यातलं काहीच हाती नाही. विष दगडात टिकत नाही, टिकतो तो विषदंत. त्यात खाच किंवा नळी दिसली की प्रश्न मिटतो. जर्मनीत मायोसीन काळातले (सुमारे २ कोटी ३० लाख ते ५० लाख वर्षांपूर्वीचे) असे दात मिळालेत, नागाच्या कुळातले आणि घोणशीच्याही, आणि त्यांची घडण आजच्या दातांसारखीच आहे. वासुकीचा एकही दात नसताना ‘विषारी’ हा शिक्का मारला कशावरून?

दात नसले तरी मणके बरंच काही बोलतात. नाग-घोणशीच्या मणक्याला खालच्या, म्हणजे पोटाच्या बाजूने हाडाचा एक काटा उतरतो आणि तो धडभर प्रत्येक मणक्याला असतो. अजगरात तो मानेकडच्या मणक्यांपुरताच. (बिनविषारी पाणदिवडीलाही तो धडभर असतो, त्यामुळे नुसता काटा दिसला म्हणून विष सिद्ध होत नाही, आणखी बारकावे जुळवावे लागतात.) वासुकीच्या मणक्यांची ठेवण नाग आणि घोणस या दोन्ही कुळांशी जुळत नाही. त्याच्या मणक्याच्या मागच्या तोंडाला, सांध्याच्या खोबणीच्या दोन्ही अंगांना, बारीक छिद्रं आहेत. ही खूण मॅडत्सॉइडी या नामशेष कुळाची. याच कुळातल्या गुजरातच्या ‘सानाजे’ आणि ऑस्ट्रेलियाच्या ‘वोनांबी’ या सापांच्या कवट्या मिळाल्यात. त्यांच्यात विषदंत नाहीत. वासुकी दलदलीत दबा धरून बसणारा, भक्ष्याला विळखा घालून मारणारा असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

काळही जुळत नाही. वासुकी सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. नागाच्या कुळातला आजवर मिळालेला सर्वांत जुना जीवाश्म टांझानियातला, तो साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वीचा.

मुळात ‘मोठा म्हणजे विषारी’ हे समीकरण कोकणात तरी कुणी मानू नये. तिथे हातभर लांबीच्या फुरशाने माणसं दगावलीत, आणि अजगराला विषच नाही.

नामशेष, अवाढव्य आणि खरोखर विषारी कुळातला सापच हवा असेल, तर तो ग्रीसमध्ये आहे. थेस्सालोनिकीजवळ ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन स्प्रॅट यांना काही मणके मिळाले. त्यातल्या १३ मणक्यांवरून ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५७मध्ये ‘लाओफिस क्रोटॅलॉइडिस’ हे नाव दिलं. पुढे ते मणके हरवले, आणि दीडशे वर्षं हा साप नक्की होता तरी कसा यावर तज्ज्ञ नुसते वाद घालत राहिले. अखेर त्याच भागातल्या जीवाश्मांमध्ये आणखी एक मणका ओळखू आला. लांबीला २ सेंटिमीटरही नाही! पण त्यावरून हा घोणशीच्या कुळातला असल्याचं पक्कं झालं. २०१४मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार लांबी ३ ते ४ मीटर, वजन २६ किलोच्या आसपास. लांबीत किंग कोब्रा त्याला मागे टाकेल, वजनात नाही. एवढ्याशा मणक्यावरून काढलेलं वजन आहे, तेव्हा मी ते जपूनच वापरेन. याचा दात मिळालेला नाही. विषारी म्हणायचं ते कुळावरून. वासुकीबद्दल तेवढाही आधार नाही. ज्याचा मणका ११ सेंटिमीटर रुंद भरतो तो बिनविषारी कुळातला, आणि ज्याचा बोटाच्या पेरात मावतो तो घोणशीचा भाऊबंद.

फण्याचं थोडक्यात उरकतो. नागाचा फणा मानेजवळच्या लांब बरगड्या पसरून उभा राहतो. वासुकीला तसा फणा होता असं सांगणारं एकही हाड नाही. पाच फणे चित्रकाराचे.

‘५० फूट’ हा आकडा हवेतला नाही, पण अर्धाच सांगितलेला आहे. मणक्यांच्या मापावरून लांबी काढायच्या दोन पद्धती वापरल्या गेल्या. एकीने १०.९ ते १२.२ मीटर दिले, दुसरीने १४.५ ते १५.२. फॉरवर्ड करणाऱ्याने सर्वांत वरचा आकडा उचलला. कोलंबियातल्या सेरेहोनच्या कोळसा खाणीतला टायटॅनोबोआ हा दुसरा नामशेष साप १३ मीटरच्या आसपास धरतात, म्हणजे ‘सर्वांत मोठा’ हा किताब अजून कुणाच्याच गळ्यात पडलेला नाही.

दडवून ठेवल्याचा आरोप तर हास्यास्पद आहे. हाडं २००५मध्ये गोळा झाली. आधी ती मगरीसारख्या प्राण्याची वाटली आणि प्रयोगशाळेत पडून राहिली. बऱ्याच वर्षांनी त्यांच्यावरचा गाळ साफ करायला घेतला तेव्हा साप असल्याचं लक्षात आलं. २०२४मध्ये शोधनिबंध जगापुढे होता. भारतातल्या संग्रहांमध्ये साफसफाईची वाट बघत पडलेली हाडं काही कमी नसतील. त्यामागे कारस्थान नसतं, माणसं आणि पैसा कमी असतो.

राहिलं समुद्रमंथन. शंकराच्या गळ्यातल्या नागाचं नाव संशोधकांनी मुद्दाम, कौतुकाने दिलं. हा साप जिवंत होता तेव्हा भारताचा भूभाग आशियाला नुकताच भिडत होता. दोर धरायला ना माणूस होता, ना माणसासारखं कुणी. कथेला या मणक्यांच्या दाखल्याची गरजही नाही.

आणि वासुकीच्या कुळाचा अभिमानच मिरवायचा तर कच्छपर्यंत जायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांच्या काळातला एक मोठा मॅडत्सॉइड मिळालाय. २०११मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं ‘मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस’. त्याचा फॉरवर्ड मला अजून कुणी पाठवलेला नाही.