‘काही दाबलं नाही तर काही होत नाही’ हे खरं नाही

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे : “अनोळखी लिंक दाबू नका, फाइल उतरवू नका, बस्. एखादं पेज उघडल्यावर ॲप बंद पडलं तर परत उघडा. अपडेट करू नका, फोन मंद करून नवा घ्यायला लावतात. आपल्या गरिबाच्या फोनात कोन घुसते?”

लिंक आणि फाइलचा सल्ला बरोबर आहे. पीएम किसानच्या नावानं येणाऱ्या एपीके फाइलीपासून, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणाऱ्या फाइलीपासून, लांबच राहा. चूक आहे ती त्या ‘बस्’मध्ये.

पेजवरचं चित्र आपण दाबत नाही, ते आपोआप दिसतं. वेबपी प्रकारचं चित्र उलगडायला क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड हे सगळे लिबवेबपी नावाची एकच लायब्ररी, म्हणजे तयार कोड, वापरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्यात चूक सापडली; तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३. चित्र उलगडताना लागणाऱ्या तक्त्यांसाठी ती मेमरीत ठरावीक जागा धरायची. मुद्दाम बिघडवलेल्या चित्राचे तक्ते त्या जागेत मावायचे नाहीत. वाफ्यात मावणार नाही इतकं पाणी सोडलं की धुरा फुटून ते शेजारच्या वावरात शिरतं, तसंच.

पाणी वाटेल तसं पसरलं तर ॲप बंद पडतं. पण जाणकारानं दांड काढून वळवलं, तर त्या ॲपमध्ये त्याच्याच आज्ञा चालू शकतात. कमी रॅमच्या फोनवर ॲप साध्या कारणानंही बंद पडतं, मान्य. पण तेच पेज उघडलं की दरवेळी तेच होत असेल, तर ते पेज सोडा.

‘कोन घुसते’ हा प्रश्न रास्त आहे. ही चूक ॲपल आणि फोनवरच्या हेरगिरीचा शोध घेणाऱ्या टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं कळवली, आणि असे महागडे हल्ले निवडक माणसांवर होतात. पण दुरुस्ती जाहीर झाली की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून चूक कोणालाही शोधता येते. मग अपडेट न केलेला प्रत्येक फोन उघडा पडतो, मालक श्रीमंत असो की गरीब.

अपडेटबद्दलचा संशय हवेतून आलेला नाही. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपण कमी केला, हे ॲपलनं डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं होतं. पण इथे ६ सप्टेंबरला गूगलला चूक कळली आणि ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली. ती दुरुस्ती फक्त अपडेटमधूनच फोनपर्यंत पोचते. माझ्या काकांच्या फोनमधलं ऑटो अपडेट डेटा वाचवायला म्हणून दुकानदारानं बंद करून ठेवलं होतं, आणि त्याच फोनवर ते बँकेचं ॲप वापरायचे. मला याचीच काळजी वाटते.

प्ले स्टोअर उघडून क्रोम शोधा, ‘अपडेट’ दिसलं तर दाबा. फोनला अँड्रॉइडचं अपडेट येणं थांबलं असलं तरी बऱ्याचदा क्रोमचं येत राहतं. मात्र अँड्रॉइड ७ साठी क्रोम ११९ हेच शेवटचं. तसल्या फोनवर बँकेचं काम करू नका.