टेप शाबूत, पण वाचायची कशावर?

परत तेच! एलटीओ-४ टेपवरचा (एलटीओ हा बॅकअपच्या चुंबकीय टेपचा प्रकार, आकडा म्हणजे पिढी) जुना हिशोब हवाय आणि नवा ड्राइव्ह टेप घेतो नि लगेच बाहेर ढकलतो. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह निदान दोन पिढ्या मागचं वाचायचे. २०१७ च्या एलटीओ-८ मध्ये तेही संपलं, एकच पिढी मागे. मग जुना ड्राइव्ह शोधा. त्याला अनेकदा स्कझी कार्ड (ड्राइव्ह संगणकाला जोडायचं जुन्या पद्धतीचं कार्ड) लागतं, नव्या मदरबोर्डवर त्या कार्डाचा जुना स्लॉट बहुधा नसतोच. स्लॉट जमवला तर नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर नाही. (ज्या बॅकअप सॉफ्टवेअरनं टेप लिहिली त्याचं तर विचारूच नका, त्याच्याशिवाय टेप उघडूनही बहुतेकदा उपयोग शून्य.) विकताना मात्र छातीठोकपणे सांगतात, डेटा ३० वर्षं टिकेल. अहो, मग ३० वर्षं ड्राइव्हचे सुटे भाग आणि ड्रायव्हरही द्या ना!