मांडीवरचा कायदा

वाद अव्यानं सुरू केला नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण नाना आता सगळीकडे तसंच सांगत फिरणार. गाडीत लहान मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट नसेल तर दंड, असा तो चलानाचा मेसेज अव्यानं फक्त ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘सगळ्यांनी वाचा.’ संध्याकाळी कट्ट्यावर जमेपर्यंत तो कुणीही वाचलेला नव्हता आणि मत मात्र प्रत्येकाचं तयार होतं.

नाना नेहमीसारखे उभ्यानंच बोलत होते. बसून बोललं की मुद्द्याला वजन राहत नाही, अशी त्यांची समजूत आहे.

“आम्ही ॲम्बॅसिडरमध्ये पुढे चौघं, मागे सहा आणि डिकीत एक असे जायचो. कुणाला काय झालं? सांगा ना, कुणाला काय झालं?”

“ज्यांना झालं ते कट्ट्यावर येत नाहीत, नाना,” मुग्धा म्हणाली.

बंड्या फिस्सकन हसला. नानांनी ते ऐकलंच नाही. आपल्याला अडचणीचं असलं की त्यांचा डावा कान बंद होतो. “अरे, लेकराला आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात नाही. आता प्लास्टिकच्या टोपलीत बांधून ठेवायचं म्हणे!”

“बाळाचं वजन धरा 10 किलो,” मुग्धा म्हणाली. “गाडी 50च्या वेगात आहे, समोर आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली. तेवढ्या वेळात ते 10 किलोचं बाळ तुमच्या हातातून 140 किलोच्या ओढीनं सुटू बघतं. म्हणजे साधारण दीड बंड्या.”

“माझं वजन 90 आहे,” बंड्या म्हणाला.

“म्हणूनच दीड म्हटलं. धरा बघू नाना, एका हातानं. दुसऱ्या हातानं तुम्ही पुढची सीट धरलेली असणार. आणि आईनं पट्टा लावला नसेल तर तीच बाळावर जाऊन आदळते. एकाच पट्ट्यात दोघं असतील, तर पट्टा आणि आई यांच्यामध्ये सापडतं ते बाळच.”

इथे शिरीषला राहवलं नाही. वकिली चालो न चालो, कलम माहीत असणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क. “मोटार वाहन कायदा, कलम 194-ब, पोटकलम 2. 2019च्या दुरुस्तीतलं, त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून लागू. मूल 14 वर्षांखालचं असेल तर त्याला सेफ्टी बेल्ट हवा, नाहीतर चाइल्ड रिस्ट्रेंट, म्हणजे ती मुलांची सीट. दोन्ही नसेल तर 1000 रुपये. म्हणजे मोठ्यांचा पट्टा दोन वर्षांच्या पोराला लावला, तरी कायद्याच्या लेखी काम झालं. उगाच सीटबीट घ्यायची गरज नाही.”

“कायद्याचं काम झालं. पोराचं काय?” मुग्धा म्हणाली. “मोठ्यांचा पट्टा खांद्याच्या हाडावर आणि कमरेच्या हाडावर बसायला हवा. लहान मुलाच्या तो मानेवर आणि पोटावर येतो. धक्का बसला की तोच पट्टा आत रुततो. साधारण 145 सेंटीमीटर उंची होईपर्यंत खाली बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी सीट लागते.”

सगळ्यांच्या नजरा एकदम शिरीषकडे वळल्या. त्याची उंची हा कट्ट्याचा जुना विषय आहे.

“मी 160 आहे,” शिरीष म्हणाला.

“बुटांसकट,” बंड्या म्हणाला.

हे निस्तरायला थोडा वेळ गेला. मग शिरीष दुखावलेल्या आवाजात अमेरिकेवर घसरला. ही सगळी तिकडची थेरं आहेत, ते लोक जन्मतःच शहाणे असल्यासारखं आपण बोलतो, वगैरे. मुग्धाची नणंद तिकडे असल्यामुळे हा बाण कुणासाठी होता ते उघड होतं.

“कुठले शहाणे,” मुग्धा म्हणाली. “तिकडचा पहिला कायदा टेनेसी राज्याचा, 1978 पासून लागू झालेला. रॉबर्ट सँडर्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं आमदारांच्या मागे लागले, तेव्हा कुठे तो झाला. आणि झाला तोही कसा? मोठ्या माणसाच्या मांडीवर मूल असेल तर चालेल, अशी पळवाट त्यातच ठेवून! त्या दुरुस्तीला सँडर्स ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ म्हणायचे. ती 1981 साली काढली. मग 1985 पर्यंत सगळ्या राज्यांत कायदे झाले. तेव्हा नाना, तुमचं मत टेनेसीत 1981 सालीच रद्द झालंय.”

नाना बसले. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

बंड्यानं मात्र या सगळ्यात एकच मुद्दा काढला आणि तो मला अजून टोचतो आहे. “तुमचं सगळं चारचाकीतल्या पोरांचं चाललंय. माझी पोरगी माझ्या स्कूटरवर पुढे उभी असते. तिचं काय?” त्यासाठीही नियम आहे, फेब्रुवारी 2022चा, वर्षभरानं लागू झालेला. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा हार्नेस हवा, नऊ महिन्यांपुढच्याला हेल्मेट हवं आणि गाडी 40च्या वर न्यायची नाही. शिरीषनं हे घडाघडा म्हणून दाखवलं.

“तो हार्नेस कुणी बघितलाय?” बंड्यानं विचारलं.

कुणीच बघितला नव्हता. शिरीषनंही नाही. मुग्धा म्हणाली, “बंडू, तुझं बरोबर आहे. पण म्हणून अव्याच्या पोरीला मोकळं सोडायचं का?” बंड्या नाही म्हणाला, पण मानेनंच.

अव्या इतका वेळ गप्प होता, कारण तो वाट बघत होता. त्याच्याकडे सीट आहे. कट्ट्यावरच्या कुठल्याही बापाकडे नाही ती त्याच्याकडे आहे आणि तो इंजिनिअर आहे, या दोन गोष्टी कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं. “मी तर व्हिडिओ बघून स्वतः बसवली,” तो म्हणाला. “आयसोफिक्सही लावलंय, म्हणजे सीटचे हूक गाडीतल्या कड्यांना अडकवलेत, आणि वरून गाडीचा पट्टाही आवळलाय. डबल.”

मुग्धानं फक्त विचारलं, “गाडी कुठे आहे?”

गाडी समोरच होती. पुढचा प्रसंग रंगवून सांगायचा मोह होतोय, पण अव्या हे वाचणार आहे, त्यामुळे थोडक्यात. मुग्धानं दार उघडलं, पट्टा सीटमधून जिथून जातो तिथे डाव्या हातानं धरलं आणि सीट हलवली. त्या ठिकाणी सीट एक इंचाहून जास्त हलता कामा नये, असा दंडक आहे. अव्याची सीट टाळ्या वाजवल्यासारखी दोन्ही बाजूंना आपटत होती. मग तिनं खांद्यावरचा आतला पट्टा चिमटीत धरून बघितला. नीट आवळलेला पट्टा चिमटीत येत नाही, बोटं घसरतात. याच्या पट्ट्याची चांगली जाडजूड घडी चिमटीत आली.

“डबल का लावलंस?”

“जास्त मजबूत म्हणून.”

“मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय?”

अव्यानं मॅन्युअल वाचलं नव्हतं. इंजिनिअर!

“ज्या पद्धतीनं लावून सीटची चाचणी झालेली असते, त्याच पद्धतीनं लावायची,” मुग्धा म्हणाली. “मॅन्युअलनं दोन्ही चालतं असं सांगितलं नसेल, तर दोन्हींपैकी एकच. आणि पोरगी सव्वा वर्षाची आहे ना? मग तोंड पुढे कशाला?”

“पाय दुमडतात गं तिचे. आणि आईला तोंड दिसायला हवं.”

“दुमडू देत. त्या वयाच्या पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं आणि मान कच्ची. पुढे तोंड असलं की धक्क्यात अंग पट्ट्यानं अडतं, पण डोकं पुढे जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोरं असलं की डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत रुतून बसतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2018 साली वयाची अट काढूनच टाकली. सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत मूल पाठमोरंच बसवा म्हणतात. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत बसवतात.”

“मग पुढच्या सीटवर पाठमोरी ठेवू,” नाना परत उठले. “म्हणजे आईला दिसेल.”

“समोरची एअरबॅग चालू असेल तर अजिबात नाही, नाना. ती थेट सीटच्या पाठीवर फुटते, आणि पाठीमागे बाळाचं डोकं असतं. जिवानिशी जाईल ते.” हे मात्र ती न हसता म्हणाली.

मग विषय तिच्या नणंदेवर आला. ती तिकडे कार सीटची प्रमाणित तंत्रज्ञ आहे. हे ऐकून शिरीष खुर्चीवर बसल्यासारखा कट्ट्यावर सरसावून बसला. “सीट बसवायला प्रमाणपत्र? उद्या पाळणा हलवायलाही परीक्षा ठेवतील.”

“काही दिवसांचा कोर्स असतो. अभ्यासक्रम तिकडच्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याचा, प्रमाणपत्र सेफ किड्स वर्ल्डवाइड देतं. लेखी परीक्षा पुस्तक उघडून देता येते, कारण पाठांतराला किंमत नाही, मॅन्युअलमध्ये शोधता आलं पाहिजे. वेगवेगळ्या सीटा वेगवेगळ्या गाड्यांत बसवून दाखवाव्या लागतात आणि शेवटी खरे आईबाप खऱ्या गाड्या घेऊन येतात. एवढं करून प्रमाणपत्र दोन वर्षांचंच. मुदत वाढवायची तर परत पाच सीटा जाणत्या माणसासमोर तपासून दाखवा, नवीन शिकल्याचे सहा तास दाखवा, लोकांसाठी एखादं शिबिर करा.”

“आणि आपल्याकडे हेच आलं तर?” शिरीषनं डोळे मिचकावले. “आरटीओबाहेर टेबल लागेल. सीट न बघता शिक्का मिळेल. पीयूसीसारखं.”

हे सगळ्यांना पटलं. मलाही. कट्ट्यावर असली निराशा फार पटकन पटते, कारण तिला पुढे काही करावं लागत नाही.

मुग्धाला पटलं नाही. “शिक्का मिळवून काय करणार? त्यात मुळात शिक्क्याला जागाच नाही. माझ्या नणंदेला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं की सीट तू बसवायची नाहीस, आईबापाला बसवायला लावायची. तू बघायचं, विचारायचं, चुकलं तर परत करायला लावायचं. कारण सीट धुवायला काढली, गाडी बदलली, मूल वाढलं की परत त्यांनाच बसवायची असते. एकेका गाडीला अर्धा तास जातो. चलान फाडायला मिनिट पुरतं.”

“पण एवढं करून तिकडे तरी नीट लावतात का?” नाना.

“नाही. तिकडच्या त्या रस्ता सुरक्षा खात्याच्याच पाहणीत 46 टक्के सीटांमध्ये काही ना काही महत्त्वाचं चुकलेलं निघालं.”

“बघा!” नाना असे ओरडले की पलीकडचं कुत्रं उठून गेलं. “निम्म्यांचं चुकतंच! मग कशाला हवी ती सीट?”

“त्याच लोकांचा हिशोब पुढे ऐका. सीट असली की वर्षाखालच्या बाळाचा अपघातात जीव जायचा धोका 71 टक्क्यांनी घटतो. एक ते चार वर्षांच्या मुलांचा 54 टक्क्यांनी. आता हे 46 टक्के सुधारायला माणूस हवा की दंड, सांगा.”

शिरीषनं हळूच आपली पुढची सोंगटी काढली. आपल्याकडेही आता भारत एनकॅप आहे, म्हणजे गाड्या आदळवून बघून त्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी चाचणी, 1 ऑक्टोबर 2023 पासून, त्यात मुलांच्या सुरक्षेला वेगळे 49 गुण आहेत, चांगले तारे असलेली गाडी घेतली की झालं.

“त्या चाचणीत दीड वर्षाचा आणि तीन वर्षांचा, असे दोन बाहुले बसवतात,” मुग्धा म्हणाली. “सीट कंपनीनं सांगितलेली, बसवणारे त्यातले जाणकार. शिवाय बाहुला रडत नाही आणि त्याला आजी नसते.”

यावर बंड्या इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याच्या घरी ‘दे इकडे, रडतंय बिचारं’ हे वाक्य सगळ्यांत आधी कोण म्हणतं ते आम्हाला ठाऊक आहे. माझ्या घरीही तेच. बाळंतपणाच्या दवाखान्यातली एखादी सिस्टर आणि सीट विकणाऱ्या दुकानातला एखादा पोरगा, एवढ्यांना जरी हे नीट शिकवलं तरी खूप झालं, असं मुग्धाचं म्हणणं. मला ते कलम 194-बपेक्षा जास्त कामाचं वाटतं. शिरीषला वाटत नाही, पण त्याला त्याची फी मिळणार नाही असं काहीच कामाचं वाटत नाही.

“नानांच्या गाडीत तर मोठ्यांचेच पट्टे नाहीत,” बंड्या ठसका आवरून म्हणाला. “म्हणजे आहेत, पण खाचेत नुसतं बकल अडकवून ठेवलंय. बीप वाजू नये म्हणून.”

“तो आवाज डोक्यात जातो!”

“नाना,” शिरीषनं अगदी मऊ आवाजात विचारलं, “मुलगा येतोय ना पुढच्या महिन्यात, नातवाला घेऊन? सीटचं काय केलंत?”

नाना जरा थांबले. “त्यानं कळवलंय. सीट तो तिकडून घेऊन येणार आहे.”

“आणि?”

“आणि काय आणि? गाडीही तोच चालवणार म्हणाला.”

यानंतर कुणाला काही ऐकू येईना. नाना लाल झाले आणि लाल झाल्यावर ते जिथे जातात तिथे गेले, म्हणजे जॅकवर. “शिऱ्या, माझा जॅक आण आधी! घाटात पंक्चर झालं तेव्हा नेलास, तो अजून आणतोयस! मोठा आला सुरक्षा शिकवणारा!” शिरीष म्हणाला, जॅक त्यानं कधीच परत केला, बंड्या साक्षीला आहे. बंड्या म्हणाला, तो जॅक नव्हता, पाना होता. नाना म्हणाले, पाना वेगळा, तोही यायचाय. मुग्धा म्हणाली, दोन्ही तुमच्याच डिकीत असतील, त्या डिकीतल्या अकराव्या माणसाखाली.

एवढ्यात अव्याच्या गाडीवर आतून धाडधाड थापा पडू लागल्या. सीट पाठमोरी करून, तिच्यावर गुडघा रोवून तो पट्टा आवळत बसला होता. जॅकच्या भांडणात बंड्या मागच्या दाराला टेकला आणि दार लागलं. चाइल्ड लॉक अव्यानंच लावून ठेवलेलं. दार आतून उघडेना, आणि किल्ली बाहेर बॉनेटवर.

“उघडा रे!”

“राहू दे,” नाना म्हणाले. “सुरक्षित आहे.”